दुसरा ठिपका

“बांगड्यांना पिना आहेत? मंगळसूत्राला? परकराला?” कपडे बदलायच्या खोलीतल्या मावशी एकेक ठिकाण विचारतात आणि वहिनीच्या अंगावरून सेफ्टी पिना निघत जातात. बांगड्यांत अडकवलेल्या, मंगळसूत्राच्या वाट्यांमागची, परकराच्या नाडीशी लावलेली. कराडहून पहाटे निघताना तिच्या डोक्यातही नव्हत्या त्या, रोजच्याच असतात. जोडवी निघत नाहीत म्हणून साबणाचं पाणी येतं. मी तिचा पाय मांडीवर घेऊन बसले आहे.

“सोनं चुंबकाला चिकटत नाही ना?” वहिनी विचारते. ती आठवी-नववीला गणित शिकवते आणि कारण कळल्याशिवाय काही करत नाही.

“चिकटत नाही, पण चित्र बिघडतं. आणि साखळीच्या फाशात पोलाद असलं तर कुणी सांगायचं? काढाच.” मावशींनी हे वाक्य दिवसातून बऱ्याचदा म्हटलेलं दिसतं, तरी त्यांच्या आवाजात घाई नाही.

वहिनी मंगळसूत्र माझ्या हातात देते. मी ते रुमालात बांधून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते. टेक्निशियन मुलगी फॉर्म घेऊन येते: पेसमेकर आहे का, डोक्यात क्लिप बसवली आहे का, कानात यंत्र, किडनीचा त्रास, कशाची अॅलर्जी, दिवस गेलेले असण्याची शक्यता. क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहते. शेवटची पाळी कधी आली तेही परत एकदा विचारते. खरं तर आजची तारीख पाळीवरूनच ठरली आहे. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास स्तनातल्या निरोगी ग्रंथी जरा शांत असतात. इतर दिवसांत त्याही औषध शोषून चमकतात आणि त्या चमकीत खरी गाठ हरवू शकते. वहिनी ४७ वर्षांची आहे, पाळी चालू आहे, म्हणून आम्ही आठवडाभर थांबलो.

गाठ आहे, हे ठरलेलं आहे. उजव्या स्तनात, वरच्या बाहेरच्या भागात, सोनोग्राफीत १.४ सेंटिमीटर. बायोप्सीत इन्व्हेसिव्ह डक्टल कॅन्सर, हार्मोनला प्रतिसाद देणारा, एचईआर-२ निगेटिव्ह. काखेत काही लागत नाही. लवकर सापडली, असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. सर्जननी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढू, स्तन राहील, मग रेडिएशन. एमआरआय केलाच पाहिजे असं नाही.” पण मॅमोग्राफीत वहिनीचे स्तन दाट दिसले, जवळजवळ पांढरेच. दादाच्या मित्राच्या ओळखीतले दुसरे डॉक्टर फोनवर म्हणाले, “ऑपरेशनआधी एकदा एमआरआय करून घ्या, दाट स्तनात मॅमोग्राफीला सगळं दिसत नाही.” त्यावर दादाने एका मिनिटात ठरवलं. बाहेर बिलाच्या खिडकीशी उभा आहे तो आत्ता. बायकोसाठी काही करायचं राहून गेलं, असं त्याला आयुष्यभर वाटायला नको आहे. त्याची ती धडपड मला दिसते आणि तिच्याबद्दल माझ्या मनात फक्त माया आहे.

एमआरआयच्या खोलीत थंडी आहे. टेबलावर पांढरी चौकट ठेवली आहे, तिला दोन मोठी भोकं. वहिनीने पालथं झोपायचं, स्तन त्या भोकांतून खाली सुटे सोडायचे. भोकांच्या भोवतीच कॉइल बसवलेली असते, तीच शरीरातून येणारे संदेश पकडते. कपाळाखाली गादी, हात डोक्याच्या पुढे, डाव्या हाताच्या शिरेत सुई, कानात बोळे, मुठीत रबरी फुगा. “काही झालं तर दाबा. पण औषध जाताना हलू नका. हललात तर पुन्हा घेता येत नाही, औषध एकदाच देतो.”

“श्वास?”

“श्वास घ्या की. हळू घ्या.”

टेबल आत सरकतं. मला फक्त तिच्या टाचा दिसतात. गेल्या महिन्यात त्यांना भेगा पडल्या होत्या, आज त्यांना तूप लावलेलं आहे.

रेडिओलॉजिस्ट मॅडमनी वहिनीची परवानगी घेऊन मला काचेच्या अलीकडे, त्यांच्या मागच्या स्टुलावर बसू दिलं आहे. मी लिहिते हे त्यांना माहीत आहे. “लिहा, पण नीट लिहा,” एवढंच म्हणाल्या. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे की चुंबक सदैव चालू असतो. १.५ टेस्लाचा. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त. द्रव हेलियममध्ये बुडवलेल्या तारांच्या वेटोळ्यातला हा चुंबक रात्रीही बंद होत नाही. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेला एक नातेवाईक चुंबकाकडे खेचला गेला आणि दगावला. तेव्हापासून इथे आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे उलटे करून पाहतात, डॉक्टरांचेसुद्धा.

आवाज सुरू होतात. आधी टकटक, मग ड्रिलसारखी लांबलचक घरघर, मग थांबा, मग वेगळ्याच सुरातली कर्कश पुनरावृत्ती. या यंत्रात क्ष-किरण नाहीत. शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनला चुंबकाने रांगेत आणायचं, रेडिओलहरींनी ढकलायचं आणि परत येताना तो काय सांगतो ते ऐकायचं, एवढ्यावर हे चालतं. या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ सालचं नोबेल मिळालं. पण स्तनाच्या कॅन्सरसाठी खरा निकाल लागतो तो पुढच्या काही मिनिटांत, गॅडोलिनियमचं औषध शिरेतून गेल्यावर.

“कॉन्ट्रास्ट देतोय, हातात गार वाटेल,” टेक्निशियन माइकवर सांगते. इंजेक्टरचा दट्ट्या आपोआप पुढे सरकतो, मागून सलाईन. औषधाआधीची एक मालिका घेऊन झाली आहे. आता औषधानंतर लागोपाठ मालिका, प्रत्येकीला मिनिट-दीड मिनिट. संगणक नंतरच्या चित्रातून आधीचं चित्र वजा करतो. उरतं ते फक्त औषधाने उजळलेलं.

पडद्यावर काळोख. काळोखात स्तनांच्या फिकट कडा आणि उजव्या स्तनात वर एक उजळ, ओबडधोबड गोळा. मला कुणी दाखवावा लागत नाही. कॅन्सर स्वतःला पोसायला नव्या रक्तवाहिन्या तयार करतो. त्या कच्च्या असतात, गळक्या असतात. औषध तिथे भरभर शिरतं आणि भरभर बाहेरही पडतं. मॅडम त्या गोळ्यावर बाण ठेवतात. शेजारी एक आलेख उमटतो, सरळ वर जाणारा आणि मग उतरणारा. “हा आपला ओळखीचा. दीड सेंटिमीटर. सोनोग्राफीशी जुळतंय.”

मी श्वास सोडते. मॅडम मात्र चित्रं खाली-वर फिरवत राहतात. डावा स्तन स्वच्छ. काखा ठीक. मग उजव्या स्तनातच, खाली आतल्या बाजूला त्यांचा बाण थांबतो. एक ठिपका. मोठी गाठ आहे तिथून बराच दूर. सहा मिलिमीटर.

“हे काय आहे?”

“माहीत नाही,” त्या म्हणतात, आणि त्यांनी हे इतक्या सरळ सांगितलं म्हणून मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटतो. “कॅन्सर असू शकतो. फायब्रोअॅडिनोमा असू शकतो. दुधाच्या नळीतली साधी वाढ असू शकते. चमकतात तर हे सगळे.”

काचेपलीकडे वहिनीच्या टाचा अजून तशाच स्थिर आहेत. तिला काहीच माहीत नाही. आत्ता या इमारतीत दोघीतिघींना तिच्या शरीराबद्दल एक गोष्ट माहीत आहे जी तिला माहीत नाही, आणि ती बाहेर आली की तिला ती कोणत्या शब्दांत सांगायची यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे.

मॅडम ती स्वतः सांगतात. कपडे बदलून आलेल्या वहिनीला खुर्चीत बसवून, पडदा तिच्याकडे वळवून. “गाठ जिथे होती तिथेच आहे, वाढलेली नाही. खाली एक बारीक ठिपका दिसतोय. त्याला आज नाव देता येत नाही. आपण तिथे सोनोग्राफी करू. सापडला तर सुई घालून तपासू. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत कुणीही, मीसुद्धा, काहीही ठरवायचं नाही.” शेवटचं वाक्य त्या दादाकडे बघून म्हणतात. दादाचा चेहरा उतरला आहे.

सोनोग्राफीचा नंबर यायला वेळ आहे. बाहेरच्या बाकड्यावर एक आजी बसल्या आहेत, फलटण भागातल्या, शेजारी मुलगा. त्यांचा एमआरआय गेल्या आठवड्यात झाला. आज परत बोलावलं आहे. त्यांच्या फाइलवर लोब्युलर असं लिहिलं आहे आणि मुलाला तो शब्द आता पाठ आहे. कॅन्सरच्या या प्रकारात पेशी एकमेकींना धरून गोळा करत नाहीत, एकामागे एक अशा रांगेने पसरत जातात, म्हणून हाताला नीट लागत नाही आणि मॅमोग्राफीतही पुष्कळदा निसटतो. आजींच्या सोनोग्राफीत दोन सेंटिमीटर होता. एमआरआयने दाखवलेली व्याप्ती त्याच्या दुपटीहून जास्त निघाली.

“आता मशीनमध्ये असतानाच सुई घालणारेत,” मुलगा सांगतो. “सोनोग्राफीत दिसत नाही म्हणे ती जागा. ही सोय सगळीकडं नसते.” ऑपरेशन सरकारी योजनेत बसवायचं चाललं आहे, या तपासणीचे पैसे त्याने पाहुण्यांकडून आणले आहेत.

“सुई लोखंडाची नसते वाटतं,” आजी मध्येच म्हणतात. “मी विचारलं.”

मी इथे मुद्दाम थांबते, कारण हे शेजारी-शेजारी बसलेलं सत्य मला महत्त्वाचं वाटतं. आजींच्या बाबतीत या यंत्राने जे दाखवलं ते सुईत खरं ठरलं, तर त्यावाचून ऑपरेशन अर्धवट झालं असतं. काखेत गाठ लागते पण स्तनात मूळ सापडत नाही, अशा बाईला एमआरआय लागतोच. बीआरसीए जनुकाचा दोष घेऊन आलेल्या तरुण मुलींना लागतो. आधी केमो देऊन गाठ आक्रसते का ते बघायचं असेल तर त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. मग वहिनीला? तिचा कॅन्सर साधा डक्टल, एकच गाठ, लहान. तिच्यासाठी या यंत्राने दाखवलेल्या जादा गोष्टीचा अर्थ काय?

सोनोग्राफीच्या खोलीत वहिनी आता उताणी झोपली आहे, उजवा हात डोक्याखाली. मॅडम एमआरआयची चित्रं शेजारी लावून प्रोब फिरवतात. फिरवत राहतात. पालथं असताना स्तन खाली लोंबतो, उताणं झाल्यावर पसरून बाजूला कलतो. ठिपक्याची जागा काही सेंटिमीटर सरकलेली असते. बऱ्याच वेळाने त्या म्हणतात, “हा बघा.” करड्या पडद्यावर एक छोटा काळसर अंडाकार, कडा बऱ्यापैकी गुळगुळीत. “आधीच्या सोनोग्राफीत इथे लक्ष जायचं काही कारणच नव्हतं.” भूल दिली जाते. सुईच्या बंदुकीचा खटका एकदा, दोनदा, पुन्हा. पांढरट धाग्यासारखे तुकडे फॉर्मालिनच्या बाटलीत पडतात. वहिनी खटक्याला दचकते, पण हात हलवत नाही. मॅडम तिथे एक बारीक टायटॅनियमची क्लिप सोडतात, पुढे जागा सापडावी म्हणून.

दुपारी रुग्णालयाच्या कँटीनमध्ये दादा उपमा चिवडत म्हणतो, “मी काय म्हणतो, आता दोन-दोन जागा आहेत. काढूनच टाकू सगळं. कटकट नको.”

वहिनी काही बोलत नाही. माझ्याकडे बघते.

“दादा, रिपोर्ट येऊ दे,” मी म्हणते.

“रिपोर्ट येऊन काय होणार? कॅन्सर निघाला तर काढायचंच आहे. नाही निघाला तरी डोक्यावर टांगती तलवार.”

“काढायचंय ते माझं आहे,” वहिनी म्हणते. आवाज चढलेला नाही. दादा गप्प होतो आणि तिच्या ताटलीत चटणी वाढतो.

काढून टाकलं की सुटलो, असं वाटणारे कितीतरी नवरे, भाऊ, मुलगे मी पाहिले आहेत. त्यांच्या प्रेमात खोट नसते. पण अमेरिकेत विल्यम हॅल्स्टेडने १८९४ साली छातीच्या स्नायूंसकट सगळं काढायच्या शस्त्रक्रियेचा गाजावाजा केला, तेव्हापासून जवळजवळ ऐंशी वर्षं जगभरच्या डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. ते चुकीचं आहे हे सिद्ध करायला बर्नार्ड फिशर आणि इटलीतल्या उंबेर्तो वेरोनेसी यांना हजारो बायकांची साथ आणि वीस वर्षं लागली. ज्या बायकांनी त्या चाचण्यांत भाग घेतला त्यांचं ऋण आज वहिनीवर आहे.

संध्याकाळी सर्जनच्या ओपीडीत आमचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. ते चहा मागवतात, फाइल बंद करून बाजूला ठेवतात आणि वहिनीला विचारतात, “आज काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा.”

ती सांगते. मग विचारते, “सर, शंभरातल्या किती?”

“कशाच्या?”

“माझ्यासारख्या शंभर जणींना असा दुसरा ठिपका दिसतो, तो किती जणींत खरा असतो?”

सर्जन कागद ओढतात. “२००८ साली असे बरेच अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला होता. स्तनाचा कॅन्सर असलेल्या शंभर जणींपैकी सोळा जणींत एमआरआयला जादा आजार सापडतो. पण एमआरआय जे जादा ठिपके दाखवतो, त्यांतल्या साधारण तीनांपैकी एकात कॅन्सर नसतोच. आणि शंभरात एखादी अशी, की तिचा ठिपका निर्दोष होता, पण तेवढ्यावरून स्तन काढला गेला.”

वहिनी तो शेवटचा आकडा कागदावर बोटाने दाबून धरते. “नसलेल्या आजारासाठी.”

“हो. म्हणून सुई. सुईशिवाय निर्णय नाही.”

दादा पुढे सरकतो. “पण डॉक्टर, खऱ्या सोळा जणींना तर फायदाच झाला ना? नाहीतर आत राहिलं असतं.”

मला वाटतं हा प्रश्न सगळ्या घरांतून विचारला जातो आणि त्याचं उत्तर द्यायला फार थोड्या ओपीडींत वेळ असतो. सर्जन वेळ देतात. सांगतात की हे बारीक ठिपके एमआरआयच्या आधीही होतेच. १९८५ साली हॉलंड नावाच्या संशोधकाने काढून टाकलेले स्तन थर-थर कापून तपासले. एकच गाठ आहे असं समजून काढलेल्या २८२ कॅन्सरांपैकी ४३ टक्क्यांत मुख्य गाठीपासून दोन सेंटिमीटरच्या पलीकडेही कॅन्सरचे कण सापडले. म्हणजे फिशरच्या चाचणीत ज्यांची फक्त गाठ काढली, त्यांतल्याही पुष्कळ जणींत असे कण मागे राहिलेच असणार. नुसती गाठ काढलेल्यांत वीस वर्षांत ३९ टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला. गाठ काढून रेडिएशन दिलेल्यांत १४ टक्के. आणि जगण्याच्या बाबतीत पूर्ण स्तन काढलेल्या बायकांत आणि यांच्यात फरक पडला नाही.

“म्हणजे जे राहतं ते रेडिएशनमध्ये जातं,” वहिनी म्हणते.

“बरंचसं. आणि तुम्हाला हार्मोनची गोळीही चालू होईल. आमच्या कात्रीतून जे सुटतं त्यातलं बरंचसं ती दोघं सांभाळतात.” ते चहाचा घोट घेतात. “आता एमआरआयचं बघा. ब्रिटनमध्ये ४५ रुग्णालयांत १,६२३ बायकांवर चाचणी झाली, २०१० मध्ये छापून आली. अर्ध्या जणींना ऑपरेशनआधी एमआरआय, अर्ध्या जणींना नाही. पुन्हा ऑपरेशन करावं लागलं ते दोन्हीकडे सारखंच. १९ टक्के आणि १९ टक्के.”

“असं कसं? एवढं स्पष्ट दिसतं तर?” मीच विचारते.

“तुम्ही आज पाहिलंत की. ती तिथे पालथी होती. मी ऑपरेशन करतो तेव्हा ती उताणी असते. चित्रातली जागा माझ्या हाताखालची जागा नसते.” मग ते जरा थांबून स्वतःच म्हणतात, “सगळे आकडे एका बाजूचे आहेत असं नाही हं. स्वीडनमध्ये छप्पन्नच्या आतल्या ४४० बायकांत एमआरआय केलेल्यांना पुन्हा ऑपरेशन कमी लागलं. पण नेदरलँडमध्ये ते उलट वाढलं. मात्र कॅन्सर परत येण्याच्या बाबतीत फायदा अजून कुणी दाखवलेला नाही. २०२५ च्या डिसेंबरात अमेरिकेतून ३१९ बायकांचे निकाल आले, तुमच्यापेक्षा आक्रमक प्रकारच्या कॅन्सरच्या. पाच वर्षांनी एमआरआय केलेल्या आणि न केलेल्या गटांत फरक नव्हता.”

“मग हे करायलाच नको होतं?” दादाचा आवाज बारीक झाला आहे.

“तसं मी म्हणणार नाही. दाट स्तन, सत्तेचाळीस वय. करणारे चांगले सर्जन आहेत, न करणारेही आहेत. फक्त करताना विचारायचं की यात काही दिसलं तर माझ्या ऑपरेशनात काय बदलणार, आणि ते कशाच्या जोरावर.” मग वहिनीकडे वळून: “उद्या ठिपका कॅन्सरचा निघाला, तरी स्तन जाईलच असं धरू नका. २०२३ मध्येच दोन-तीन जागांचा कॅन्सर असलेल्या बायकांचा अमेरिकेतला अभ्यास आला. दोन्ही जागा काढून, रेडिएशन देऊन स्तन राखले. पाच वर्षांत त्याच स्तनात परत येण्याचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास.”

वहिनी बराच वेळ कागदाकडे बघते. मग म्हणते, “वर्गात ज्याच्या दप्तरात शोधाल त्याच्या दप्तरात काहीतरी सापडतं. सापडलं म्हणून लगेच मुलाला काढून टाकत नाही.”

सर्जन हसतात आणि म्हणतात की याच शोधण्याचा उलटा, चांगला उपयोगही होऊ शकतो. मेलबर्नमध्ये ब्रूस मान यांनी एमआरआयने ज्यांच्यात दुसरं काहीच सापडलं नाही आणि गाठही सौम्य निघाली अशा २०१ बायकांचं रेडिएशन टाळलं. पाच वर्षांत त्यांच्यापैकी एकाच टक्क्यात तिथे परत आला.

“माझं टळेल?”

“त्या सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या होत्या. तुमचं नाही टाळणार.”

“बरं,” ती म्हणते. नकार मिळूनही तिला बरं वाटलेलं दिसतं. कारण सांगून दिलेला नकार आहे तो.

रिपोर्टला लागणारे दिवस आम्ही कसे काढतो ते इथे लिहीत नाही. वहिनी शाळेत जाते, पेपर तपासते. दादा रात्री गच्चीत फेऱ्या मारतो. ऑपरेशनची आधी धरलेली तारीख निघून जाते.

रिपोर्ट येतो: फायब्रोअॅडिनोमा. कॅन्सर नाही. रेडिओलॉजिस्ट मॅडम चित्राशी पुन्हा ताडून बघतात आणि जुळतंय असं लेखी देतात. हे ताडून बघणं सुईइतकंच गरजेचं असतं, कारण सुई भलतीकडे गेली असेल तर निर्दोष रिपोर्टलाही अर्थ नसतो. दादा फोनवर सगळ्यांना सांगतो, “बरं झालं केलं, खात्री झाली.” मी त्याला काही म्हणत नाही. पण मला रांगेतली एखादी दुसरी बाई दिसत राहते, जिच्या गावाजवळ सुई घालणारं कुणी नाही, जिच्या हातात फक्त ‘दुसरी संशयास्पद जागा’ लिहिलेला कागद आहे, आणि घरात काढूनच टाकू म्हणणारी प्रेमाची माणसं आहेत. तिच्यासाठी मला राग येतो. सुईची सोय आणि बोलायची फुरसत नसेल तिथे हे यंत्र आधी पोचू नये, असं मला मनापासून वाटतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात रेसिडेंट डॉक्टर संमतीपत्र घेऊन येतात. छापील मराठी मजकूर, मध्ये पेनाने ऑपरेशनचं नाव. वहिनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचते. ‘वाइड लोकल एक्सिजन, सेंटिनल नोड बायोप्सी, एसओएस मॅस्टेक्टमी.’

“हे एसओएस म्हणजे?”

“गरज पडली तर. सगळ्यांचंच लिहितो आम्ही.”

“माझी गरज कोण ठरवणार? मी तर भुलेत असणार.”

रेसिडेंट मुलगी गोंधळते आणि फोन करते. सर्जन राउंड अर्धवट टाकून येतात. कॉटच्या कडेला बसतात. “बरोबर विचारलंत. कडा आम्ही लगेच फ्रोझन सेक्शनला पाठवतो. एखाद्या कडेला कॅन्सर लागला तर त्या बाजूने आणखी काढीन, ते आत्ताच. तरीही साफ होत नसेल तर शिवून बाहेर येईन, तुमच्याशी बोलेन. कदाचित दुसरं ऑपरेशन लागेल. चालेल?”

“चालेल. दुसऱ्यांदा भूल चालेल. पण उठून बघायचं आणि नाही, असं नको.”

सर्जन पेन घेतात, शेवटचे दोन शब्द एका रेघेने खोडतात, शेजारी सही करतात. वहिनी त्याखाली सही करते, मग दादा. रेसिडेंट तारीख आणि वेळ घालते.

“रात्री बारानंतर काही खायचं नाही,” ती सांगते. “सकाळी सात वाजता मॅडम येतील, सोनोग्राफीखाली कातडीवर गाठीची खूण करायला.”

“उताणं झोपवूनच ना?” वहिनी विचारते.

“उताणंच. हात आडवा ठेवून, टेबलावर असतो तसा.”